कोरा चेहरा

"तोंडावरूनच कळलं की तुमच्या. बर्फी आहे."

एवढं बोलून आजींनी पदर खोचला, सुनेची पिशवी उचलली आणि त्या सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर पडल्या. मी पोटावर फिरवायचा प्रोब हातात धरून तशीच उभी. खरं सांगायचं तर मी त्या बाळाचं लिंग पाहिलंच नव्हतं. पाय पोटाशी घेऊन, माझ्याकडं पाठ करून ते निवांत पडलं होतं. मणका सुरेख दिसत होता, बाकी काही नाही. माझ्या तोंडावर जे काही होतं ते सकाळपासून दोन कप चहाखेरीज पोटात काही गेलं नव्हतं म्हणून. पण बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला आजी काय सांगणार होत्या, आणि त्या घरात पुढं काय झालं, ते मला कधीच कळलं नाही. ती सून आमच्याकडं परत आली नाही.

पेढे मुलाचे, बर्फी मुलीची. काही घरांत बर्फीच्या जागी जिलेबी. हे मी आता आमच्या फेलोंना, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तपासणीचं शास्त्र शिकायला आलेल्या डॉक्टरांना, समजावून सांगते, कारण त्यांच्यातल्या काहींनी दोन्ही प्रकार फक्त दिवाळीच्या बॉक्समध्ये पाहिलेले असतात. त्या काळी ही मिठाई म्हणजे सांकेतिक भाषा होती, आणि ती फक्त सासवांची नव्हती.

संध्याकाळी मी घाबरत घाबरत सरांना हा प्रसंग सांगितला. सर म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी हा विषय शिकले ते. ते रागावले नाहीत. टेबलाच्या खणातून त्यांनी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची झेरॉक्स काढली आणि पाचव्या कलमाखाली नखानं रेघ ओढली. गर्भाचं लिंग शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे कुणालाही कळवायचं नाही. "खुणांनी," सर म्हणाले. "तुझा चेहरा ही खूण आहे. तू काही कळवलंस की नाही ते सोड. ती बाई काहीतरी घेऊन गेली ना?"

मग त्यांनी एक खेळ सुरू केला. दर शनिवारी दुपारी, ओपीडी संपली की, जुन्या तपासण्यांच्या व्हिडिओ कॅसेट लावायच्या. एकानं पडद्याकडं बघायचं. बाकीच्या चौघांनी पडद्याकडं पाठ करून त्याच्या चेहऱ्याकडं बघायचं आणि ओळखायचं, आत सगळं ठीक आहे की काही सापडलंय. निम्म्याहून जास्त वेळा बरोबर ओळखलं तर पडद्याकडं बघणाऱ्यानं सगळ्यांना वडापाव द्यायचा. पहिले तीन महिने मी वडापावमध्ये बुडाले. माझ्या भुवया, म्हणे, मी श्वास घ्यायच्या आधी बोलतात. मग हळूहळू हरणं कमी झालं. वर्षाच्या शेवटी त्यांचे अंदाज छापा-काट्याइतके झाले, दहातले पाच. सरांनी स्वतःच्या पैशानं वडापाव आणले आणि म्हणाले, "आता तू तयार झालीस."

सर असे का होते, ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल. पोटात सुई घालून गर्भजल काढायचं आणि त्यातल्या बाळाच्या पेशींची गुणसूत्रं वाचायची, हे १९६६ साली पहिल्यांदा जमलं. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र जास्तीचं असतं, हे त्याआधी सात वर्षं, १९५९ साली कळलं होतं. म्हणजे विद्या आली ती आजार शोधायला. आपल्याकडंही ती १९७०च्या दशकात त्याच हेतूनं आली. पण गुणसूत्रं वाचायला बसलं की तेविसावी, लिंग ठरवणारी जोडी डोळ्यांपुढं येतेच, आणि आपल्या लोकांना बाकीच्या बावीस जोड्यांत रस नव्हता. सरकारी संस्थांत बंदी आली, तसा हा धंदा खासगी दवाखान्यांत गेला. सर मुंबईत रजिस्ट्रार होते तेव्हा आज पाचशे खर्च करा, उद्याचे पन्नास हजार वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागत. हुंड्याचा हिशेब होता तो. स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतली माणसं रस्त्यावर उतरली, आणि १९८८ साली महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा, अंमल १९९६पासून, आणि २००३मध्ये त्याला आजचं रूप आलं. एवढं होऊन २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं राज्यात ८९४ मुली निघाल्या, बीड जिल्ह्यात ८०७.

त्यामुळं आमच्या विषयाचं शिक्षण इथं इतर देशांसारखं सुरू होत नाही. ते एफ फॉर्मपासून सुरू होतं. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला हा फॉर्म. त्यात ती लिहून देते, मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. खाली डॉक्टर लिहून देतो, मी ते ओळखलंही नाही आणि कुणाला कोणत्याही प्रकारे सांगितलंही नाही. फॉर्ममधली त्रुटी म्हणजे कायद्याचा भंग, तसं नाही हे डॉक्टरनं सिद्ध करायचं. नव्या फेलोला आम्ही पहिल्या आठवड्यात प्रोबला हात लावू देत नाही, फॉर्म तपासायला बसवतो. तो मनातल्या मनात शिव्या घालतो. मीही घातल्या होत्या.

हात मात्र शिकतात, आणि वाटतं त्यापेक्षा लवकर शिकतात. अकरा आठवडे ते तेरा आठवडे सहा दिवस, या दिवसांत बाळाच्या मानेमागं त्वचेखाली जो पाण्याचा पातळ थर दिसतो तो मोजायचा. लंडनच्या निकोलाइड्सनी १९९२ साली दाखवून दिलं की हा थर जाड असेल तर डाऊन सिंड्रोमची शक्यता वाढते. बाळ डोक्यापासून बुडापर्यंत ४५ ते ८४ मिलिमीटर, म्हणजे बोटाएवढं, आणि मोजायचं मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. बाळानं मान मागं टाकली असेल तर माप ०.६ नं वाढू शकतं, हनुवटी छातीला टेकवली असेल तर ०.४ नं घटतं. म्हणून बाळ नीट वळेपर्यंत थांबायचं. आईला खोकायला सांगा, कुशीवर वळवा, खाली जाऊन उसाचा रस पिऊन या म्हणा. मी तर एकदा एकीला तीन मजले चढून यायला सांगितलं होतं. मग हे फोटो लंडनच्या फीटल मेडिसिन फाउंडेशनला पाठवायचे, तिथं ते तपासतात आणि कुठं चुकलं ते कळवतात. कुठल्याही मास्तरापेक्षा हा परका परीक्षक बरा. त्याला तुमची दया येत नाही.

सुईचं शिक्षण आणखी मजेशीर. पाण्यानं भरलेला रबरी हातमोजा, त्यावर चिकनचा सपाट तुकडा, वर जेल. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई चिकनमधून मोज्यात उतरवायची, टोक सतत दिसलं पाहिजे. आमच्या एका शाकाहारी फेलोनं नाक मुरडत पन्नास वेळा ते केलं आणि शेवटी म्हणाला, मॅडम, यापेक्षा खरं पोट परवडलं. खऱ्या पोटात सोळाव्या आठवड्यानंतर १५ ते २० मिलिलिटर गर्भजल घ्यायचं. पहिले एकदोन मिलिलिटर फेकून द्यायचे, कारण सुई आईच्या कातडीतून आलेली असते आणि तिच्या पेशी आल्या तर लॅब बाळाऐवजी आईचीच गुणसूत्रं मोजत बसेल. पाणी फिकट पिवळं, सुकलेल्या गवताच्या रंगाचं. ते लॅबमध्ये वाढवायला दीड-दोन आठवडे. आम्ही प्रत्येक फेलोला त्या लॅबमध्ये आठवडाभर नुसतं बसवतो. तिथल्या ज्येष्ठ तंत्रज्ञ बाई त्यांना सांगतात, पूर्वी आम्ही गुणसूत्रांचे फोटो काढायचो, कात्रीनं एकेक कापायचो आणि गोंदानं जोड्या चिकटवायचो, पंखा बंद ठेवून.

साधारण दोन वर्षांत हे सगळं येतं. मलाही आलं होतं. त्यात वडापाव वाचवणारा चेहरा.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी साताऱ्याकडची एक मुलगी आली. पहिलटकरीण, वीस आठवडे पुरे व्हायला दोन दिवस बाकी. बडबडी. पडल्या पडल्या सुरू झाली, बाळाच्या आत्यानं तीन नावं काढलीत, सासऱ्यांना त्यातलं एकही पटत नाही, तिला स्वतःला चौथंच हवंय पण अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी प्रोब ठेवला आणि दुसऱ्या मिनिटाला मला हृदय दिसलं. डावीकडचा कप्पा जवळजवळ नव्हताच.

मी चेहरा कोरा ठेवला. त्यात मी आता पटाईत होते. मग पुढची पंचवीस मिनिटं शिस्तीत सगळं तपासलं. डोकं, चेहरा, मणका, मूत्रपिंडं, हातपाय, पुन्हा हृदय. ती नावं सांगत होती. एकेकाचा अर्थ सांगत होती. चौथं नावही तिनं मला सांगितलं. मी "हं" म्हणत होते, आणि एकदा, मला चांगलं आठवतं, मी म्हणाले, "छान आहे."

मग तिला उठवून बसवलं आणि सांगितलं. ती रडली नाही. थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली आणि तिनं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"सुरुवातीलाच."

"मग मला बोलू का दिलंत?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. तपासणी पुरी व्हायला हवी होती हे खरं. घाई करून चुकीचं सांगणं त्याहून वाईट, हेही खरं. तेव्हा गर्भपाताची कायदेशीर मर्यादा २० आठवड्यांची होती, म्हणजे त्या घराला विचार करायला दोन दिवस होते, आणि त्यातला एक हृदयाच्या डॉक्टरांचं दुसरं मत घेण्यातच जाणार होता. (२००८मध्ये मुंबईचं एक जोडपं बाळाच्या हृदयदोषासाठी चोविसाव्या आठवड्यात उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं परवानगी नाकारली. कायदा बदलायला त्यानंतर तेरा वर्षं लागली. आता ठरावीक परिस्थितीत २४ आठवडे, आणि गंभीर व्यंग असेल तर त्यापुढंही वैद्यकीय मंडळाकडं जाता येतं. मंडळानं तीन दिवसांत मत द्यायचं असतं.) पण ती मर्यादेबद्दल विचारत नव्हती. मी तिच्याकडून ते नाव काढून घेतलं होतं, ते बाळाला देण्यासारखं उरलेलं नाही हे मला माहीत असताना.

कायद्यानं मला एका प्रश्नासाठी चेहरा झाकायला शिकवलं होतं. मी तो सगळ्याच प्रश्नांसाठी झाकून बसले होते. सोयीचंही होतं ते, खोटं कशाला बोलू. कोऱ्या चेहऱ्याआड डॉक्टरला बरंच लपता येतं.

शनिवारचा खेळ आमच्याकडं अजून आहे, फक्त मी तो उलटा केलाय. कॅसेटींच्या जागी लॅपटॉप आला. एकजण पडद्याकडं बघतो, दुसरा कोचावर पेशंट म्हणून झोपतो. ओळखायचं काही नाही. शेवटी झोपलेल्यानं फक्त सांगायचं, कुठल्या मिनिटाला भीती वाटली. गंमत म्हणजे जवळजवळ सगळे एकच उत्तर देतात: तुम्ही बोलायचं थांबलात तेव्हा. पडद्यावर पूर्ण नॉर्मल बाळ असलं तरी. मग आम्ही ठरवलं, गप्प बसणार हे आधीच सांगायचं. "ताई, आता दहा मिनिटं मी बोलणार नाही, मला नीट बघायचंय. मी गप्प आहे म्हणजे काही वाईट आहे असं नाही. नंतर दोघी मिळून बघू." तीन-चार वाक्यं. सरांच्या वडापावनी जे जमलं नाही ते यांनी जमतं. आणि ती नावं सांगायला लागली तर तिथंच हळुवार थांबवायचं: ते नंतर सांगा, मला लक्ष देऊन ऐकायचंय.

काही सापडलं तर आधी पोटावरचं जेल पुसायचं. हा माझा नियम, यावर मी वाद घालू देत नाही. चिकट, गार पोटानं, कपडे वर करून पडलेल्या बाईला तिच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट बातमी द्यायची नाही. पुसा, उठवा, दिवा लावा, नवऱ्याला आत बोलवा, स्वतः स्टुलावर बसा, तिच्या डोळ्यांच्या पातळीला. आणि बोलायला लागल्यावर "दोष" हा शब्द टाळा.

त्याचं असं. आमचं यंत्रच मुळात दोष शोधायला जन्मलं. ग्लासगोच्या इयान डोनाल्डनी १९५०च्या दशकात कारखान्यात पोलादातल्या भेगा शोधणारं ध्वनिलहरींचं यंत्र पाहिलं, त्यावर बायकांच्या पोटातल्या गाठी तपासल्या, आणि १९५८ साली त्यावरचा निबंध छापला. पोलादात भेग असली तर ती कुणाची, असं कुणी विचारत नाही. आपल्याकडं मात्र "जनुकीय दोष" म्हटलं की पुढचा प्रश्न तयार असतो: कुणाकडचा? माहेरचा की सासरचा? खोलीतल्या सगळ्यांची मान त्या मुलीकडं वळते. म्हणून "बदल" म्हणा, "आजार" म्हणा, "फरक" म्हणा.

आमच्याकडं सध्या दोन फेलो आहेत. एक नागपूरकडचा, एक कोल्हापूरची. नागपूरचा अबोल, त्याचा चेहरा जन्मतःच कोरा. पण सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार त्यानं घरात पाहिलाय. तो स्वतः वाहक आहे, म्हणजे त्याला आजार नाही, पण तो पुढं देऊ शकतो. विदर्भात पूर्वी दोघंही वाहक असलेली जोडपी अकराव्या-बाराव्या आठवड्यात रात्रभराचा रेल्वे प्रवास करून मुंबईला, केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या, आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेत तपासणीला येत. तो हे आपल्या मावशीच्या गोष्टीतून सांगतो. पेशंटशी बोलताना तो खिशातून दोन रुपयांची दोन नाणी काढतो. एक आईचं, एक बाबाचं. दोन्ही काटे पडले तर आजार. मग नवऱ्याला उडवायला लावतो, पुन्हा पुन्हा. लोकांची समजूत असते की चारातलं एक आजारी झालं, आता पुढची तीन सुटली. नाण्याला मागचं आठवत नाही हे त्यांना चार वाक्यांत पटत नाही, चौथ्यांदा दोन काटे पडले की पटतं. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, मी त्याच्याकडून उचललंय.

पुढचा भाग त्यालाही जड जातो. रिपोर्ट सांगतो की आजार आहे. किती आहे, ते सांगत नाही. एकच रिपोर्ट असलेली दोन माणसं, एक वर्षातून चारदा दवाखान्यात, दुसरं शेतात राबतंय. मग विचारतात, "डॉक्टर, तुम्ही आमच्या जागी असता तर?" पुस्तक म्हणतं, आपलं मत द्यायचं नाही, निर्णय त्यांचा. पुस्तक लंडनहून किंवा अमेरिकेहून आलेलं. आपल्याकडं मत न देणारा डॉक्टर म्हणजे काहीतरी लपवणारा डॉक्टर. मी त्याला सांगते, मत देऊ नकोस, पण उठूनही जाऊ नकोस. तेवढंच.

कोल्हापूरच्या मुलीचं उलट. तिचा चेहरा म्हणजे रंकाळ्याचं पाणी, वाऱ्याची झुळूक आली तरी दिसते. सुरुवातीला एकदा ती फटकन हसली. वीस आठवड्यांचं बाळ, ओठ दुभंगलेला, आणि आईनं हलक्या आवाजात विचारलं होतं, ग्रहणात मी विळीवर दोडकी चिरली होती, त्यानं झालं का? मी फेलोला बाहेर घेतलं. ती म्हणाली, मॅडम, पण किती खुळचट आहे हे. मी म्हटलं, तिला वीस आठवड्यांत हा प्रश्न विचारायला तू पहिली भेटलीस. घरात विचारला असता तर सगळे म्हणाले असते, हो, त्यानंच. ती परत आत गेली, त्या बाईशेजारी बसली आणि म्हणाली, "आमच्या आईनं पण चिरली होती ओ ग्रहणात. वांगी. माझा ओठ बघा की." खरं होतं की खोटं, मी विचारलं नाही.

आकडे समजावणं हा आणखी एक डोंगर. रक्ताच्या आणि मानेच्या तपासणीनंतर कागदावर येतं, डाऊन सिंड्रोमची शक्यता २५०त १. मुलीचे वडील विचारतात, म्हणजे आहे की नाही? सांगायचं, अशा २५० जणी असतील तर २४९ जणींची बाळं या आजारातून सुटलेली असतील. हो, पण आमची? तिथून पुढं सांगायला आकडे उरत नाहीत, फक्त सुई उरते.

आणि आता तर न कळण्याचेच रिपोर्ट वाढलेत. पूर्वी गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली दिसत तेवढीच दिसत. आता गुणसूत्रांतले बारीक फरक टिपणारी मायक्रोॲरे तपासणी आहे, जनुकांची अक्षरन् अक्षर वाचणाऱ्या तपासण्या आहेत, आणि त्यांच्या शेवटी कधी कधी लिहून येतं की एक बदल सापडला, त्याचा अर्थ आज सांगता येत नाही. सहा महिने थांबा म्हणायला पोटातलं बाळ म्हणजे जमिनीचा दावा नाही. इथं फेलोचा चेहरा कोरा असतो तो खरोखरच कोरा असतो. मला तो चालतो. "मलाही माहीत नाही" हे तोंडानं म्हणावं, एवढंच.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. तेरा आठवडे, मानेमागं पाण्याच्या मोठ्या पिशव्या, पोटात, छातीभोवतीही पाणी. वारेच्या पेशींची तपासणी केली. रिपोर्ट आला: गुणसूत्रं ४५, एकच एक्स. टर्नर सिंड्रोम, जो फक्त मुलींत असतो.

रिपोर्ट कोल्हापूरच्या मुलीच्या हातात होता आणि तिनं मला विचारलं, "मॅडम, हे मी सांगू कसं?"

मी तिला अडवलं नाही, कारण माझ्याकडं उत्तर तयार नव्हतं. गुणसूत्रांची विकृती शोधायला कायदा परवानगी देतो. लिंग सांगायला देत नाही. आमच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये लिंगाची जोडी छापतच नाहीत. पण इथं आजार आणि लिंग एकच होते. उंची कमी राहील, हृदयाची महाधमनी तपासावी लागेल, इथपर्यंत ठीक. बीजकोश काम करणार नाहीत हे सांगायचं, आणि "मुलगी" म्हणायचं नाही? शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे. हाँगकाँगच्या डेनिस लो यांनी १९९७ साली आईच्या रक्तात बाळाचा डीएनए सापडतो हे सिद्ध केलं, त्यावर आज साऱ्या जगाच्या रक्ततपासण्या चालतात. त्यांनी तो ओळखला कसा, तर आईकडं नसणाऱ्या वाय गुणसूत्राच्या खुणेवरून. साऱ्या विषयाच्या पोटात हाच प्रश्न बसलाय, आणि आम्ही तो न दिसल्यासारखा करून शिकवतो.

कायद्यावर माझा राग नाही. ८०७ हा आकडा पाहिलेल्या माणसानं धरू नये. पण कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं ती आजी होती, ही बाई नव्हती.

शेवटी आमच्या फेलोनं सांगितलं ते असं: बाळाचं एक गुणसूत्र कमी आहे, हे कुणाच्या काही केल्यानं होत नाही, पुढच्या वेळी पुन्हा होईल असं नाही, आणि एवढं पाणी असताना बहुतेक बाळं पोटातच थांबतात. मुलगा, मुलगी हे शब्द आले नाहीत. आई शिक्षिका होती, मराठी शाळेत. तिनं काही विचारलं नाही. थांबायचं ठरवलं, गर्भपात नको म्हणाली. दर आठवड्याला यायची, आणि प्रत्येक वेळी आमची ती पोरगी आधी सांगायची, आता दहा मिनिटं मी गप्प. सतराव्या आठवड्यात ठोके थांबले होते. तिनं जेल पुसलं, दिवा लावला, स्टूल ओढलं.

प्रसूती झाली. दुसऱ्या दिवशी घरी जायच्या आधी बाई आमच्या खोलीत आली. नवरा दारात उभा, हातात औषधांची पिशवी. ती म्हणाली, "आता तरी सांगाल का? तिकडं मला बघवलं नाही. नाव ठेवायचंय."

फेलोनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मग ती उठून बाईजवळ गेली आणि अगदी हळू, कानात सांगावं तसं सांगितलं. चेहऱ्यावर सगळं होतं. लपवायला आता काही नव्हतं.

बाईंनी नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

आमच्या फायलीत सतरा रकाने आहेत, नवऱ्याच्या नावाचा, पत्त्याचा, आधीच्या मुलांचा, आधार क्रमांकाचा. या नावाला त्यात जागा नव्हती. फेलोनं फाईल उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूला पेन टेकवला, आणि विचारलं, "पहिली वेलांटी की दुसरी?"

"पहिली," बाई म्हणाली.